नळीतले आटे

सात-आठ वर्षांपूर्वी एका कादंबरीत मी सत्तावन सालचा एक शिपाई रंगवला होता. ऐन लढाईत तो आपली एनफील्ड रायफल खांद्याला लावतो आणि चारशे यार्डांवरच्या टेकाडावर उभ्या असलेल्या गोऱ्या अंमलदाराला एका गोळीत लोळवतो, असे मी लिहिले. प्रसंग बरा उतरला होता. निदान माझी तशी समजूत होती. पुस्तक बाहेर पडल्यावर महिन्याभराने एका निवृत्त लष्करी गृहस्थांचे पत्र आले. अक्षर मोत्यासारखे आणि मजकूर मोजून पाच ओळींचा. सत्तावन सालच्या बहुतेक शिपायांच्या हाती एनफील्ड पोचलीच नव्हती. दमदम, अंबाला आणि सियालकोट या तीन ठिकाणी ती शिकवणीपुरती आली होती. तुमच्या शिपायाच्या हाती गुळगुळीत नळीची जुनी 'ब्राउन बेस' असणार, आणि चारशे यार्डांवर तिने अंमलदार सोडा, त्याचा तंबूही हमखास लागला नसता. खाली सही, आणि सहीखाली 'कादंबरी आवडली' एवढे दोन शब्द.

आम्हा मास्तर मंडळींना दुसऱ्यांच्या चुका काढण्याची सवय. आपली कोणी काढली की झोप लागत नाही. मीही मग बंदुकांच्या मागे लागलो. म्हणजे पुस्तकांतल्या आणि चित्रांतल्या बंदुकांच्या. प्रत्यक्षात माझा आणि रायफलीचा संबंध आयुष्यात एकदाच आला. शाळेत असताना एन.सी.सी.च्या शिबिरात पालथे पडून .२२ च्या पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. त्यांतल्या दोन कागदाला लागल्या. उरलेल्या तिघींचे काय झाले हे आमच्या हवालदारसाहेबांनाही सांगता आले नाही.

या वाचनाच्या नादात एक निराळेच जग मला सापडले. इंग्लंड, अमेरिका, स्वित्झर्लंड, स्वीडन अशा देशांत जुन्या लष्करी रायफली जमवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांतही एक पंथ असा की, ज्या रायफली सैन्यासाठी घडल्या पण नेमबाजीच्या मैदानावर नावारूपाला आल्या, तेवढ्याच तो जमवतो. आपल्याकडे कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी अडकित्ते जमवतो, तशातलाच हा छंद. फक्त यातली वस्तू अजून चालते. ती तेलपाणी करून मैदानावर न्यावी की कपाटात ठेवावी, यावर या मंडळींत कायमचा वाद. रायफलीच्या प्रत्येक भागावर ठोकलेले आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, दस्ता मूळचा की मागाहून बसवलेला, नळी किती झिजली, हे ते भिंगाने पाहतात. अमेरिकेच्या १९०३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीच्या काही नळ्या आतून इंचाच्या दहाहजाराव्या हिश्श्यापर्यंत मोजून निवडल्या जात आणि त्यांच्या तोंडाशी एक बारीक चांदणी ठोकली जाई. त्या चांदणीसाठी संग्राहक जीव टाकतो. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनी असल्या रायफली कवडीमोलाने घेऊन शिकारीसाठी त्यांचे दस्ते करवतीने कापले, त्यांना हे लोक आजही शिव्या देतात.

मला मात्र यांतले सर्वांत आवडले ते एक स्वित्झर्लंडमधले प्रकरण. तिथल्या सैन्याची के-३१ नावाची रायफल १९३१ साली ठरली आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून अधिक बनल्या. तिची कडी इतर रायफलींसारखी वर उचलून मागे घ्यावी लागत नाही. नुसती सरळ मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. घड्याळे करणाऱ्या लोकांची कारागिरी, तिच्या नेमाबद्दल काय बोलावे! त्या देशात शिपाई म्हणजे बारमाही शिपाई नव्हे. तो गवळी असतो, सुतार असतो, शाळामास्तर असतो. सरकारने दिलेली रायफल तो घरी ठेवतो आणि दरवर्षी गावच्या मैदानावर जाऊन ठरल्या गोळ्या निशाणावर झाडून येतो. नोकरीची मुदत संपली की ठरावीक अटींवर ती रायफल त्याचीच होई. पुढे हे म्हातारे गेले आणि हजारो के-३१ बाजारात आल्या. घेणाऱ्यांनी दस्त्याच्या बुडाशी असलेली लोखंडी पट्टी स्क्रू काढून सोडवली, तेव्हा कित्येकांच्या आत घडी केलेली एक चिठ्ठी निघाली. शिपायाचे नाव, गाव, पलटण, काहींवर जन्मसालसुद्धा. रायफल हरवली तर कोणाची ते कळावे म्हणून ठेवलेली. आज अमेरिकेतला संग्राहक नवी के-३१ घरी आणतो तेव्हा नळी पाहण्याआधी ती पट्टी सोडवतो. आत चिठ्ठी नसली तर त्याचा चेहरा पडतो.

मला वाटले, सरकारने आपल्या माणसावर किती विश्वास टाकावा! आणि हा शब्द एकदा मनात आल्यावर रायफलींचा सगळा इतिहासच मला निराळा दिसू लागला.

त्यासाठी नळीच्या आत डोकवावे लागेल. साध्या बंदुकीची नळी आतून बांबूच्या पोकळीसारखी गुळगुळीत असते. ठासणीच्या बंदुकीत गोळी वरून सरकवायची तर ती नळीपेक्षा बारीकच हवी. म्हणजे बार उडताना ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडणार आणि शेवटची आपटी ज्या बाजूला बसली त्याच्या उलट बाजूला जाणार. शंभर यार्डांपुढे नेम धरणे म्हणजे नवस बोलणे. रायफलीच्या नळीत मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. गोळी त्यांत रुतते, फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा उभा राहतो तशी ती आपली दिशा धरून राहते. ही युक्ती शेकडो वर्षे माहीत होती. पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी वरून ठोकून ठोकून भरायला वेळ लागे, म्हणून सैन्याला ती परवडत नसे. १८४९ च्या सुमारास मिनिये नावाच्या फ्रेंच कप्तानाने बुडाशी पोकळ असलेली गोळी काढली. ती सैल सरकते, आणि बार होताच पोकळ बूड फुगून आट्यांत बसते. झाले! इंग्रजांची १८५३ सालची एनफील्ड याच तत्त्वावरची: नळीत तीन आटे आणि दर्शकावर नऊशे यार्डांपर्यंतचे आकडे. तिच्या काडतुसाच्या चरबीने पुढे काय केले ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. पण त्या काडतुसाभोवती इतकी शाई खर्च झाली आहे की, नळीतल्या आट्यांकडे कोणी फारसे पाहिलेच नाही.

एनफील्ड बनवण्याच्या यंत्रांचा विचार करायला सरकारने मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थला बोलावले. हा यंत्रविद्येतला मोठा माणूस. त्याने उलट विचारले की, नळी अशीच का असावी, हे आधी कोणी तपासले आहे काय? त्याने आपल्या घराच्या आवारात पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली, म्हणजे वाऱ्याचा उपद्रव नको, आणि प्रयोगांनी ठरवले की नळी बारीक हवी, पीळ पुष्कळ हवा, आणि आटे पाडण्याऐवजी सबंध पोकळीच षट्‌कोनी असावी. १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे मीरत आणि दिल्ली पेटली त्याच साली, त्याची रायफल एनफील्डशी स्पर्धेला उतरली. पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरीने सुमारे सत्तावीस इंच इकडे-तिकडे पडल्या. व्हिटवर्थच्या सुमारे साडेचार इंच. तरीही सैन्याने ती घेतली नाही. महाग होती, आणि बारीक नळी दारूच्या काजळीने लवकर भरे.

पण मैदानाने तिला उचलले. १८५९ साली फ्रेंचांच्या स्वारीची आवई उठून इंग्लंडात गावोगाव स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या. वकील, कारकून, दुकानदार खांद्यावर रायफली टाकून कवायत करू लागले. त्यांना नेम शिकवण्यासाठी त्याच वर्षी राष्ट्रीय रायफल संस्था निघाली, आणि २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर तिची पहिली स्पर्धा भरली. पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीने काढायचा होता. व्हिटवर्थ रायफल लोखंडी बैठकीवर पक्की बसवून आधीच नेम धरून ठेवलेली. राणीने फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. राणीने स्वतःच्या नावे २५० पौंडांचे बक्षीस ठेवले, आणि ते मिळवायला साधा स्वयंसेवकही पात्र होता. पुढे १८९० साली हा मेळा बिस्लीला हलला आणि आजही तिथे भरतो.

माझ्या कादंबरीतल्या शिपायाचे भाऊबंद त्या वेळी काय करत होते? लष्करी गृहस्थांच्या पत्रावरून शोध घेता घेता मला एका संग्राहकाच्या पुस्तकात एका बंदुकीचे चित्र दिसले. दिसायला हुबेहूब एनफील्ड. तोच दस्ता, तेच घोड्याचे यंत्र, तीच लांबी. खाली लिहिले होते: १८५८ चा नमुना, हिंदुस्थानी पलटणींसाठी. बंडानंतर तोफखाना जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती ठेवायचा असे ठरले, हे आपण शाळेत शिकवतो. बंदुकीचे मात्र शिकवत नाही. एनफील्डसारखीच बंदूक घेऊन तिच्या नळीतले आटे कापून काढले, पोकळी .५७७ इंचाची .६५६ इंच केली, आणि अंतर मोजण्याचा वर-खाली होणारा दर्शक काढून तिथे एक मुका खुंट बसवला. म्हणजे कवायतीत खांद्यावर ती रायफलीसारखी दिसावी, पण गोळी शंभर यार्डांपुढे सरळ जाऊ नये. पहिल्या खेपेच्या नळ्या तर आतून पोखरल्यामुळे इतक्या पातळ झाल्या की त्या वाकू लागल्या, आणि पुढच्याच वर्षी जाड नळीचा नवा नमुना काढावा लागला. तेवढा खर्च सरकारने केला. आटे मात्र ठेवले नाहीत.

राणी रेशमी दोरी ओढत होती, आणि तिच्याच दुसऱ्या शिपायांच्या बंदुकांतले आटे कानसून गुळगुळीत केले जात होते. दोन्ही गोष्टी दोन वर्षांच्या आतल्या. ते चित्र पाहून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. वर्गात सत्तावनवर इतकी वर्षे बोललो, पण अविश्वास इंचाच्या हिश्श्यांत मोजता येतो हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर एक रीतच पडून गेली. गोऱ्या पलटणीच्या हाती नवी रायफल आली की तिची जुनी हिंदी पलटणीला. त्यांच्याकडे मागून भरायची स्नायडर आली तेव्हा आपल्यांकडे ठासणीची. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री तेव्हा आपल्यांकडे स्नायडर. एक पिढी मागे. याच रायफली आज संग्राहकांच्या कपाटांत शेजारी शेजारी उभ्या असतात.

व्हिटवर्थचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे, नाहीतर ही मैदानाची गोष्ट फार निर्मळ वाटेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेने नाकेबंदी चुकवून थोड्या व्हिटवर्थ रायफली मिळवल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचा सेनापती जॉन सेजविक आपल्या बिचकणाऱ्या शिपायांना, एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीसुद्धा लागायचा नाही, असे हसून समजावत होता. थोड्याच वेळात त्याच्या डोळ्याखाली गोळी बसली. ती व्हिटवर्थचीच होती असे सांगतात. विम्बल्डनवर आणि स्पॉटसिल्व्हेनियाला नळी एकच.

त्या युद्धात उत्तरेच्या शिपायांचा नेम इतका वाईट ठरला होता की, १८७१ साली अमेरिकेतही राष्ट्रीय रायफल संस्था निघाली. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे एका शेतावर मैदान झाले. तिथला २६ सप्टेंबर १८७४ चा सामना म्हणजे या छंदातल्या लोकांचे पानिपतच; इतक्यांदा तो सांगितला जातो. आदल्या वर्षी इंग्लंड-स्कॉटलंडला हरवलेल्या आयर्लंडच्या चमूने अमेरिकेला आव्हान दिले. दोन्हीकडे सहा-सहा गडी. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. प्रत्येक अंतरावर प्रत्येकी पंधरा गोळ्या. आयरिश लोकांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्सच्या नव्या, मागून भरायच्या. जुने विरुद्ध नवे, असा तो सामना. नऊशे यार्डांवर मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाची गोळी बरोबर मध्यावर बसली, पण शेजारच्या निशाणाच्या! गुण शून्य. अखेर शेवटची गोळी उरली तेव्हा अमेरिका एका गुणाने मागे. ती झाडायची होती कर्नल बोडीन या वयस्क गृहस्थाने. त्याच क्षणी हातातली आल्याच्या पेयाची बाटली फुटून त्याचा हात कापला. हाताला रुमाल गुंडाळून तो पालथा पडला, आणि हजार यार्डांवर गोळी मधोमध घातली. ९३४ विरुद्ध ९३१. मिल्नरची ती गोळी आपल्या निशाणावर असती तर? चार गुण मिळाले असते, म्हणजे आयर्लंड एका गुणाने जिंकले असते. माझ्यासारख्या तीन गोळ्या हवेत सोडलेल्या माणसाचा जीव त्या मिल्नरसाठी फार हळहळतो.

क्रीडमूरनंतर चारच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनने हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा केला. देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच सालचा. परवान्यावाचून हिंदी माणसाने हत्यार बाळगू नये. युरोपियनांना या बंधनातून सूट. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव केले. आम्हालाही स्वयंसेवकांच्या पलटणींत घ्या, अशी मागणी सुशिक्षितांनी केली. ती फेटाळली गेली. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनाही १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना या कायद्याला इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य ठरवावेसे वाटले. स्वयंसेवकांच्या पलटणी हिंदुस्थानात नव्हत्या असे नाही. मुंबईत होत्या, पुण्यात होत्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, म्हणजे आपल्या जी.आय.पी.ची, स्वतःची स्वयंसेवक रायफल पलटण होती. पण तीत गोरे आणि अँग्लो-इंडियन नोकर. रुळांवर गिट्टी टाकणाऱ्याला तिच्या मैदानावर प्रवेश नव्हता.

इकडे इंग्लंडात बोअर युद्धाने पुन्हा डोळे उघडले. दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी माऊझर रायफलींनी साम्राज्याच्या पलटणी टिपल्या. म्हणून १९०१ नंतर कामगारांसाठीही .२२ च्या स्वस्त रायफलींचे क्लब निघाले. त्याच काळात ली-एनफील्ड आली, आपली '.३०३', जी पुढे साठ-सत्तर वर्षे अर्ध्या जगाच्या खांद्यावर होती. बिस्लीला फुल्टन नावाचे एक घराणे तिचे वैद्य. लाकूड किती तासावे, नळी कुठे टेकावी, कुठे मोकळी राहावी, हे पाहून ते सैन्याच्याच रायफलीतून असा नेम काढत की त्यांचा शिक्का असलेली रायफल आजही मोठ्या मानाची समजतात. या घराण्यातल्या बापाने १८८८ साली राणीचे बक्षीस मिळवले. मुलाने, आर्थर फुल्टनने, तेच बक्षीस १९१२, १९२६ आणि १९३१ असे तीनदा. आणि नातवाने १९५८ साली. १९१२ आणि १९२६ यांच्या मधली चार वर्षे आर्थर फुल्टनने फ्रान्सच्या खंदकांत कुठल्या निशाणावर नेम धरण्यात घालवली, ते सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात चांगल्या नेमाच्या क्रमांक चारच्या ली-एनफील्ड निवडून हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या नामांकित बंदूकवाल्यांकडे पाठवल्या जात. ते तिच्यावर दुर्बीण बसवत, गालाला आधार म्हणून दस्त्यावर लाकडाचा उंचवटा जोडत, आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मनगटाशी ठोकत, कारण एकीची दुर्बीण दुसरीवर चालत नाही. अशा वीस हजारांहून अधिक रायफली त्यांनी केल्या. लाकडी पेटीत रायफल आणि पत्र्याच्या डब्यात दुर्बीण. आज ही पेटी, डबा, दुर्बीण आणि रायफल यांचे आकडे जुळले तर किंमत कुठल्या कुठे जाते. त्या आकड्यांसाठी लोक वर्षानुवर्षे लिलावांच्या याद्या वाचतात, जशी आपल्याकडे एखादी विधवा हरवलेल्या सवंगड्याच्या पत्त्यासाठी जुनी पत्रे वाचत बसावी. त्या दुर्बिणीतून शेवटचे काय दिसले असेल, हे मात्र कुठल्याच यादीत लिहिलेले नसते.

विश्वास टाकणाऱ्यांनाही त्याची किंमत द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेच्या सरकारने १९०५ च्या कायद्यापासून सैन्याच्या जादा रायफली नागरिकांच्या नेमबाजी क्लबांना विकल्या. पुढे गारँड नावाची महायुद्धातली प्रसिद्ध रायफलही अशीच घरोघर गेली. शिवाय परदेशी सैन्यांच्या टाकाऊ रायफली तिथे टपालाने मिळत. १९६३ साली अध्यक्ष केनेडींवर डल्लासला गोळी झाडली गेली ती अशाच, टपालाने मागवलेल्या इटालियन रायफलीतून. दुर्बिणीसकट तिची किंमत वीस-बावीस डॉलर. १९६८ साली कायदा कडक झाला तेव्हा संग्राहकांच्या रायफलींसाठी 'दुर्मिळ व ऐतिहासिक' असा निराळा वर्ग करावा लागला. स्वित्झर्लंडमध्येही घरात रायफल ठेवण्याच्या रिवाजावर फेब्रुवारी २०११ मध्ये सार्वमत झाले. बायकांना धाक दाखवायला आणि आत्महत्यांना ती रायफल जवळ पडते, असे विरोधकांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. छप्पन्न टक्के मतदारांनी जुना रिवाज ठेवला. काडतुसांची पेटी मात्र सरकारने त्याआधीच घरांतून परत घेतली होती. त्या देशाचा मी नागरिक असतो तर मत कुणीकडे दिले असते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच आला नाही. उलट, जुनी युक्ती नव्याने निघाली. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकात .३०३ रायफल बनू लागली. आणि पोलीस, तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी त्याच रायफलीची नळी गुळगुळीत करून.४१० ची 'मस्केट' केली गेली. गोळ्यांच्या पेटीत लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. साठ वर्षांनंतर पुन्हा आटे खरवडले! मौज अशी की, परदेशच्या बाजारात कोणी ही मस्केट स्वस्त .३०३ म्हणून घेतो आणि घरी नेऊन नळीत डोकावल्यावर चक्रावतो. स्वातंत्र्यानंतरही ती आमच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसत असे. .३०३ तर फारच उशिरापर्यंत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर पोलिसांच्या हाती तीच होती; उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात निरोप दिला.

नागरिकाला मात्र .३०३ ठेवण्याची बंदी इंग्रजांनंतरही राहिली. इशापूरने त्याच्यासाठी .३१५ अशी निराळ्या मापाची रायफल काढली, म्हणजे लष्करी काडतूस तीत बसू नये. १९५९ च्या कायद्याने १८७८ चा कायदा गेला, गोऱ्याकाळ्याचा भेद गेला, पण परवाना राहिला. २०१९ साली एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारे असे ठरले. त्यामुळे जुन्या रायफली जमवणारा आपल्याकडे उपजणे कठीण. याचे मला वाईट वाटते असे नाही. आमच्या तालुक्यात बांधावरून होणारी भांडणे मी पाहिली आहेत; ती कुऱ्हाडीपाशी थांबतात तेच बरे.

तरी मैदान मिळाले. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, वृत्तीने गांधीवादी, पेशाने वकील. १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संस्था निघाली ती यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा अजून भरते. त्याच वर्षी जी.आय.पी. रेल्वेची मध्य रेल्वे झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत ज्याने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, तो स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि नोकरीने तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. बातमी वाचली तेव्हा मला जी.आय.पी.च्या त्या स्वयंसेवक पलटणीची आठवण झाली. वर्गात मुलांना दोन्ही गोष्टी एका तासाला सांगितल्या. एका मुलाने विचारले, "सर, मग आटे काढलेल्या त्या बंदुका आता कुठं असतील?" मी म्हटले, "अमेरिकेत. लोक विकत घेतात." वर्ग हसला.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी शिपायाच्या हातातली बंदूक बदलली. बंदूक बदलली म्हणून अंतर बदलावे लागले. चारशे यार्डांवरचा अंमलदार त्याला टेकाडाखालून आता दिसतो, पण लागत नाही. सत्तर-ऐंशी पावलांवर जाईपर्यंत त्याला उघड्या रानातून धावावे लागते, आणि टेकाडावरच्या पलटणीकडे एनफील्ड आहेत. एका पानाचा प्रसंग सहा पानांचा झाला. सुधारलेली प्रत मी त्या लष्करी गृहस्थांना पाठवली. उत्तर त्यांच्या मुलाकडून आले. ते गृहस्थ आदल्या पावसाळ्यात वारले होते. माझे पहिले पुस्तक त्यांच्या उशाशी होते आणि त्या पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने अंतराचे गणित करून ठेवले होते, असे मुलाने कळवले आहे.